पॅप स्मिअर की एचपीव्ही टेस्ट? दोन्ही करून झाल्यावर माझं मत

चाळिशीतल्या मैत्रिणी हल्ली हे सारखं विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकते. दोन्ही टेस्ट गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीच्या: पॅपमध्ये तिथल्या पेशी काचेवर घेऊन बघतात, एचपीव्हीत हा कॅन्सर करू शकणारा, संबंधातून येणारा एचपीव्ही नावाचा व्हायरस आहे का ते बघतात. मी डॉक्टर नाही, पण दोन्ही टेस्ट स्वतः केल्यात. झोपून नमुना द्यायचा प्रकार दोन्हीत सारखाच, दोन मिनिटांचं काम, अवघडल्यासारखं होतं पण मला तरी दुखलं नाही.

पॅप पहिल्यांदा केली २०१९ ला. ऑफिसात अर्धा दिवस रजा टाकली, पोरांचे डबे करून कसबा बावड्यातून रिक्षानं गेले आणि आठ दिवसांनी रिपोर्ट काय, तर नमुना तपासण्याजोगा नाही, पुन्हा द्या. काचेवर रक्त किंवा सूजेच्या पेशी जास्त आल्या की बघायच्या त्या पेशी झाकल्या जातात, यात कुणाची चूक असतेच असं नाही, हे नंतर डॉक्टर मॅडमनी समजावलं. पण तेव्हा जाम वैताग आला. मग पाळी, मग सासूबाईंचं दुखणं, मग दिवाळी, असं करत दुसरा नमुना द्यायला चार महिने गेले. तो नॉर्मल आला, तीन वर्षांनी या म्हणाल्या, आणि मी गेले ती थेट २०२४ ला. माझ्यासाठी निकाल इथंच लागला. टेस्ट वाईट नाही ओ, पण ती दर तीन वर्षांनी न चुकता करायची असते, आणि घरातल्या सगळ्यांचं बघणाऱ्या बाईकडून नेमकं तेच राहून जातं.

म्हणून २०२४ ला एचपीव्ही केली. ती निगेटिव्ह आली की पाच वर्षं निवांत. डब्ल्यूएचओनं २०२१ मध्ये तिशीनंतर हीच टेस्ट करा, पाच ते दहा वर्षांतून एकदा, असं सांगितलंय. आणि याचा एक मोठा पुरावा आपल्याच महाराष्ट्रातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला, टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल त्यात होतं. काही गावांत एकदाच एचपीव्ही, काहींत पॅप, काहींत व्हीआयए म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघतात ती, आणि काही गावांत यातलं काहीच नाही. आठ वर्षांत गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरनं गेलेल्या बायका एचपीव्हीच्या गटात ३४ आणि काहीच न केलेल्या गटात ६४. पॅपच्या गटात एवढा ठळक फरक दिसला नाही. त्या ६४ जणींचा आकडा वाचल्यावर मला पुढचं वाचवेना.

आता एचपीव्हीचं दुखणंही सांगते. पैसे जास्त जातात, आणि पॉझिटिव्ह आली की माणूस हादरतं. माझ्या धाकट्या जावेची आली, "अक्का, घरात काय सांगू, कुणाकडनं आलं म्हणतील" म्हणून आठ दिवस झोपली नाही. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, बहुतेकींचं इन्फेक्शन वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं, आणि व्हायरस कित्येक वर्षं गप्प राहू शकतो त्यामुळं कधी, कुणाकडून आला हे शोधण्यात अर्थच नाही. तिची दुर्बिणीतून तपासणी झाली, काही निघालं नाही. पण ते आठ दिवस खरे होते, म्हणून टेस्टच्या आधीच नवऱ्याशी बोलून ठेवा. तिशीच्या आत असाल तर मात्र ही नकोच, त्या वयात येऊन-जाऊन इन्फेक्शन फार असतं, उगाच घाबरायला होतं.

बजेट नसेल तर पॅप करा, सरकारी दवाखान्यात व्हीआयए होत असेल तर ती करा, काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरी. एचपीव्हीची लस घेतली असली तरी तपासणी सुटत नाही. आणि पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त जात असेल तर कुठली टेस्ट करू असं विचारत बसू नका, सरळ डॉक्टरांकडं जा.

माझी पुढची २०२९ ला आहे. जावेची वर्षभरानं पुन्हा करायची आहे, तिच्यासोबत मी जाणार आहे.