माशांच्या टँकसाठी ५० वॅटचा काचेचा हीटर: काम करतो, फक्त डायलवर जाऊ नका

दोन महिने वापरून मग लिहितोय, पार्सल फोडल्या फोडल्या पाच स्टार देणाऱ्यांचं मला काही कळत नाही. आमच्याकडे नाशिकला डिसेंबरात रात्री पारा १० च्या आसपास येतो आणि माझा फायटर (म्हणजे बेटा मासा, दुकानात त्याला सगळे फायटरच म्हणतात) सकाळी तळाशी पंख मिटून पडलेला, दाणे टाकले तरी ढुंकून बघेना. मला वाटलं आजारी पडला, औषध आणायला निघालो होतो, तेवढ्यात थर्मामीटर टाकून बघितला तर पाणी १८! मूळचा थायलंडकडचा मासा तो, त्याला २५ ते २७ लागतं. दुकानदार म्हणाला होता, याला काही लागत नाही हो, बाउलमध्येपण जगतो. जगतो कसला, मरायला वेळ लावतो.

टँक २० लिटरचा. लिटरला साधारण एक वॅट धरतात, म्हणजे २५ वॅटचा चालला असता, पण थंडी बघून ५० चा घेतला. एकदम गरम केलं नाही, रोज दोन-दोन डिग्री वाढवलं. तिसऱ्या दिवशी साहेब वर आले, आरसा दाखवला तर गिल्स (कल्ले) फुगवून अंगावर!

आता कटकट. डायल २६ वर ठेवला की पाणी २९ होतं. सरळ तीन डिग्रीचा फरक. त्यामुळे मी डायल २३ वर ठेवतो तेव्हा कुठे २६ मिळतं, आणि हे वेगळा थर्मामीटर नसता तर कळलंच नसतं, तो आधी घ्या मग हीटर. हीटर काचेला चिकटवायचे सक्शन कप अगदीच भंगार, तिसऱ्या आठवड्यात सुटले.

पाणी बदलताना आधी प्लग काढा आणि १५-२० मिनिटं थांबा, काच गरम असताना उघडी पडली आणि वर गार पाणी लागलं की तडकते, हे माहितीपत्रकात इतक्या बारीक अक्षरात छापलंय की चष्मा लावूनपण दिसत नाही. आणि झाकण हवंच, कारण हा मासा वर येऊन हवेतला श्वास घेतो, पाणी ऊबदार आणि वरची हवा गारठलेली असं नको.

बिलाची भीती नको, सलग २० तास तापला तरी एक युनिट, आणि हा तर मधेमधे आपोआप बंद होतो. एकदा तीन तास लाईट गेली तेव्हा टँकला आईची जुनी शाल गुंडाळली, दीड डिग्रीच उतरलं.

चार स्टार, एक डायलचा कापला. आता मार्चमध्ये काढून ठेवणार, मग मेमध्ये उलटं रडगाणं, पाणी ३२ ला.