गेथच्या पुढे मिटमप्रॉक्सी: काही महिने वापरल्यानंतर

इथेरियम ब्लॉकचेनच्या नोडशी (त्या नेटवर्कमधल्या एका संगणकाशी) बोलणारं ॲप डीबग करताना नेहमीचे सर्व्हर लॉग जवळपास निकामी ठरतात. जेसन-आरपीसीत, म्हणजे नोडशी बोलायच्या प्रोटोकॉलमध्ये, सगळ्या रिक्वेस्ट पोस्ट, पाथ एकच, आणि आत काही बिनसलं तरी स्टेटस बहुतेकदा 200, म्हणजे 'सगळं ठीक'. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये सगळं आलबेल. बॉडी उघडावी तर आत -32000 चा एरर. म्हणून मिटमप्रॉक्सी, म्हणजे मधून जाणाऱ्या रिक्वेस्ट आणि उत्तरं उघडून दाखवणारी प्रॉक्सी, रिव्हर्स मोडमध्ये (नोडच्या पुढे उभी करून) लावली, ती आता रोजच्या कामात रुळली आहे.

लावायला वेळ लागत नाही. गेथ (इथेरियम नोड चालवणारं सॉफ्टवेअर) 8545 वर, प्रॉक्सी 8080 वर, ॲपच्या कॉन्फिगमध्ये तेवढा पोर्ट बदलायचा. ॲप प्रॉक्सीशी साध्या एचटीटीपीने बोलतं, त्यामुळे पुढचा नोड एचटीटीपीएसवर असला तरी सर्टिफिकेट बसवायची कटकट नाही. वेब इंटरफेस 8081 वर उघडतो, आणि फिल्टर बॉडीवरही चालतो. '~b' लिहून पुढे 'गेटलॉग्ज' (ब्लॉकमधल्या इव्हेंटचे लॉग मागणारा कॉल) टाकलं की तेवढेच कॉल समोर.

नुसतं बघत बसलं तरी बरंच कळतं. ईथर्स या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या पाचव्या आवृत्तीतला साधा प्रोव्हायडर (नोडशी जोडणारा भाग) कॉलागणिक चेनआयडी, म्हणजे चेनचा ओळख क्रमांक, विचारत राहतो. नोड घरचा असेल तर चालून जातं; रिक्वेस्टवर पैसे मोजत असाल तर स्टॅटिक प्रोव्हायडर घ्या आणि मोकळे व्हा.

प्रॉक्सीची खरी किंमत मात्र एका वेगळ्याच भानगडीत कळली. होस्टेड (दुसऱ्या कंपनीने चालवलेल्या) नोडवर आमच्या इंडेक्सरमधून, म्हणजे चेनवरचे इव्हेंट गोळा करणाऱ्या प्रोग्राममधून, अधूनमधून इव्हेंट गळायचे. एरर नाही, टाइमआउट नाही. फ्लो (रिक्वेस्ट आणि तिचं उत्तर यांच्या जोड्या) उघडून ओळीने वाचले तेव्हा दिसलं: 'ब्लॉकनंबर'ने नवा ब्लॉक सांगितला, लगेच त्याच ब्लॉकसाठी 'गेटलॉग्ज' गेला आणि उत्तर आलं रिकामा ॲरे. तीच रिक्वेस्ट थोड्या वेळाने रिप्ले केली तर लॉग हजर! रिक्वेस्ट वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरमागे अनेक नोड, त्यातला एखादा एक ब्लॉक मागे, आणि तो 'माझ्याकडे नाही' म्हणायचं सोडून रिकामी यादी हातात ठेवतो. यावर उपाय म्हणजे लॉग ब्लॉकनंबरऐवजी ब्लॉकहॅशने (त्या ब्लॉकच्या आशयावरून निघालेल्या ओळखीने) मागायचे. ब्लॉकच माहीत नसेल तर नोडला एरर द्यावा लागतो, आणि एरर आला की रिट्राय करता येतो.

त्यानंतर टेस्टिंगलाही हीच प्रॉक्सी. पायथनचा छोटा ॲडऑन रिक्वेस्टची बॉडी वाचतो आणि हवं ते उत्तर परस्पर देतो. व्यवहाराच्या रिसीटला (तो ब्लॉकमध्ये गेल्याच्या पावतीला) सलग काही वेळा नल दिला की 'पेंडिंग' स्क्रीन निवांत तपासता येतो. मेननेटवर, म्हणजे खऱ्या चेनवर, दर 12 सेकंदांना स्लॉट (नव्या ब्लॉकची पाळी), तिथे एवढी उसंत कुठली. बॅचमधली (एकत्र पाठवलेल्या रिक्वेस्टची) उत्तरं उलटसुलट क्रमाने पाठवणं ही माझी आवडती खोडी. स्पेसिफिकेशनमध्ये क्रमाचं बंधन नाही, जुळणी आयडीनेच करायची असते. क्रमाच्या भरवशावर राहणारा क्लायंट तिथल्या तिथे उघडा पडतो. सही केलेला तोच व्यवहार रिप्ले केला तर 'ऑलरेडी नोन' किंवा 'नॉन्स टू लो' (व्यवहाराचा अनुक्रमांक आधीच वापरलेला) येतं, म्हणजे रिट्रायचं लॉजिकही हाताशी तपासून होतं.

रीऑर्गचं (चेनचे शेवटचे ब्लॉक बदलले जाण्याचं) सोंग मात्र नीट वठत नाही. एका ब्लॉकचा हॅश बदलला की पुढच्याचा पॅरेंटहॅश, रिसीट, लॉग, सगळंच बदलत जावं लागतं. त्यासाठी ॲनव्हिल किंवा हार्डहॅट या लोकल टेस्ट चेनवर स्नॅपशॉट घेऊन मागे जाणं सरळ.

दुसरं, वेब इंटरफेस सगळे फ्लो मेमरीत धरून ठेवतो. पोलिंग करणारं ॲप रात्रभर चालू राहिलं तर सकाळी लॅपटॉप धापा टाकत असतो. लांबच्या रनसाठी मिटमडंप, म्हणजे याच प्रॉक्सीचं कमांड-लाइन रूप, वापरा. प्रॉडक्शनसमोर हे उभं करायच्या फंदात पडू नका, तिथे एन्जिनएक्सच बरा. पण होस्ट हेडर (रिक्वेस्टमधलं डोमेनचं नाव) पुढे जसाच्या तसा ढकललात तर गेथ अनोळखी डोमेन बघून 403 देईल, तेव्हा त्याच्या व्हीहोस्ट्सच्या (परवानगी असलेल्या डोमेनच्या) यादीत आपलं नाव घाला.

आणि फ्लो फाइल कुणाला पाठवण्याआधी यूआरएल पुसून घ्या. सही आधीच झालेली असते, त्यामुळे प्रायव्हेट की त्यात नसते, पण होस्टेड नोडची एपीआय की बहुतेकदा पाथमध्येच असते.