खगोलशास्त्राचे ऑनलाइन सेमिनार आणि वर्कशॉप, वर्षभराच्या वापरानंतर: व्याख्यानं राहिली, चर्चा गेली

माझ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीच्या प्रतिमेत परवा तिरके पट्टे उमटले. पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा बँड-३ या वारंवारितेचा डेटा, कॅलिब्रेशन म्हणजे मोजमापांची दुरुस्ती नीट झालेली, तरी सगळ्या चित्रभर बारीक समांतर रेघा. मी तिला म्हटलं, काळजी करू नकोस, याचं उत्तर आपल्याकडे लिहिलेलं आहे. हिवाळ्यातल्या ऑनलाइन वर्कशॉपच्या चॅटमध्ये याच दुखण्यावर चित्रांसकट पूर्ण चर्चा झाली होती. चॅनल उघडलं, तर आत एकही संदेश नाही. वर फक्त सूचना: नव्वद दिवसांपूर्वीचे संदेश पाहायचे असतील तर पैसे भरा.

तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे आणि हा अनुभव त्याच रागात लिहिते आहे. सेमिनार आणि वर्कशॉपच्या ज्या मालिकेबद्दल बोलते आहे, तिचं नाव देत नाही. ती चालवणारी माणसं कष्टाळू आहेत, शिवाय हा दोष एकट्या त्यांचा नाही. गेल्या वर्षभरात मी ज्या ज्या वर्कशॉपला बसले, त्यांतल्या बहुतेकांनी हेच केलं आहे.

झूम म्हणजे काय, ब्रेकआउट रूम म्हणजे काय, क्लाउडवरचं ज्युपिटर (ब्राउझरमध्ये कोड चालवायची वही) कसं उघडायचं, हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे असं धरते. माझी जागा मात्र सांगायला हवी, कारण मत त्यावरच ठरतं. मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. दीर्घिकासमूहांमधला विखुरलेला रेडिओ उत्सर्ग, म्हणजे दीर्घिकांच्या मधल्या जागेतून येणाऱ्या मंद रेडिओ लहरी, हा माझा विषय. आसपास शंभर किलोमीटरमध्ये हे काम करणारं दुसरं कोणी नाही. अशा एकट्या पडलेल्या शिक्षकांसाठीच १९८८ साली पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली आणि नारळीकर सरांनी तिथे व्हिजिटिंग असोसिएटची पद्धत घालून दिली. माझ्या पिढीचं संशोधन त्यावर तरलं. पण पुण्याला जाऊन राहायचं तर रजा हवी, तास दुसऱ्याच्या गळ्यात घालायला हवेत, आणि परीक्षेच्या दिवसांत ते होत नाही. परदेशी परिषदेचं तर नावच नको. विमानाचं तिकीट, व्हिसा आणि नोंदणी मिळून जो आकडा होतो, त्यात आमच्या विभागाला एक बरा वर्कस्टेशन येतो.

म्हणून ऑनलाइन प्रकाराचं मला पहिल्यापासून अप्रूप होतं. २०२० मध्ये नाइलाजाने का होईना, सगळं पडद्यावर आलं. त्या वर्षी युरोपियन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची वार्षिक परिषद ऑनलाइन झाली. आधीच्या वर्षी ती फ्रान्समधल्या लियाँला भरली होती. या दोन परिषदांचा कार्बनचा हिशेब खगोलशास्त्रज्ञांनीच मांडून छापला: लियाँच्या प्रवासाचे सुमारे १,८५५ टन, ऑनलाइनचे सुमारे ५८२ किलो. जवळजवळ तीन हजार पटींचा फरक, आणि ऑनलाइनला हजेरी जास्त. ही जास्तीची माणसं कुठून आली असतील, ते माझ्यासारखीला वेगळं सांगायला नको.

आता सेमिनार. आठवड्याला एक, साधारण तासाभराचा. सुरुवातीला मला वाटत होतं की खरी कमाई हीच. ज्यांचे पेपर आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर वाचायचे, ती माणसं समोर बोलताहेत, प्रश्न विचारता येतोय. पहिले काही महिने मी एकही चुकवला नाही. वेळेचा त्रास सोसला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचा एक म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा, उन्हाळ्यात साडेदहा. युरोपातला दुपारी तीनचा सेमिनार हिवाळ्यात साडेसातला, उन्हाळ्यात साडेसहाला. शिवाय अमेरिका आपली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते आणि युरोप शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या काळात दोघांचा मेळ बसत नाही. या दिवसांत आमंत्रणात वेळ यूटीसीमध्ये (आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत) लिहिली नसेल तर हमखास गोंधळ होतो. यूटीसी लिहा एवढंच माझं मागणं, त्यात साडेपाच तास मिळवणं आम्हाला पाठ आहे.

पण वर्ष सरता सरता सेमिनारबद्दलचं माझं मत उतरलं. त्यांची रेकॉर्डिंगं यूट्यूबवर येतात आणि ती दुसऱ्या दिवशी दीडपट वेगाने ऐकली तरी काही बिघडत नाही. बंगळूरच्या आयसीटीएस या संशोधन संस्थेच्या व्याख्यानमाला तर वर्षानुवर्षं अशाच उपलब्ध आहेत, फुकट आणि चांगल्या आवाजात. मग रात्री साडेअकराला जागं का राहायचं? प्रश्नोत्तरांसाठी, म्हणाल तर तिथे वेळ पाच मिनिटं आणि बोलणारे नेहमीचे चौघे. वक्त्यांना एक विनंती आहे: आलेखाच्या अक्षांवरचे आकडे मोठे ठेवा. सभागृहातल्या पडद्यावर जे वाचता येतं, ते माझ्या चौदा इंची लॅपटॉपवर मुंगी होतं.

खरी कमाई निघाली ती एकत्र बसून काम करायच्या वर्कशॉपमध्ये, जिकडे मी आधी दुय्यम म्हणून पाहत होते. पद्धत साधी. सकाळी थोडं सांगणं, मग चार-पाच जणांचे गट, प्रत्येकाने आपापला डेटा घेऊन बसायचं, अडलं की चॅटमध्ये चित्र टाकायचं. त्या पट्ट्यांचं उत्तर मला असंच मिळालं होतं. ते इथे पूर्ण लिहिते, म्हणजे निदान इथे तरी राहील.

रेडिओ दुर्बीण थेट फोटो काढत नाही. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, म्हणजे दोन-दोनच्या ४३५ जोड्या. प्रत्येक जोडी आकाशाच्या प्रतिमेतली एकेक लाट मोजते आणि त्या लाटा एकत्र करून प्रतिमा बनते. त्यातल्या एखाद्या जोडीच्या मोजणीत खोट शिरली, मोबाइलचा किंवा विजेच्या तारांचा खडखडाट आत आला, तर तेवढी एक लाट गरजेपेक्षा मोठी होऊन सगळ्या चित्रावर पसरते. पट्टे म्हणजे तीच लाट. हे पुस्तकात असतं. पण त्या दिवशी दक्षिण गोलार्धातल्या एका पोस्टडॉकने (पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्याने) माझं चित्र पाहून विचारलं, दोन पट्ट्यांत अंतर किती? मी मोजून सांगितलं, साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग. त्याने तिथल्या तिथे हिशेब लिहिला. एका रेडियनमध्ये २,०६,२६५ विकला, एका कलेत ६० विकला, म्हणून ६० ने भागलं की सुमारे ३,४३८. म्हणजे जोडीतलं अंतर ३,४३८ तरंगलांब्या. ४०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी पाऊण मीटर, म्हणून अंतर साधारण २.६ किलोमीटर. पट्ट्यांना काटकोनात असलेली दिशा हीच त्या जोडीची आकाशातून दिसणारी दिशा.

पुढचं माझं मलाच दिसलं. जीएमआरटी जिथे आहे त्या खोडदच्या मधल्या चौकात चौदा अँटेना साधारण एक किलोमीटरच्या चौरसात दाटीने आहेत. बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर पंचवीस किलोमीटर लांबीच्या पसाऱ्यात आहेत. २.६ किलोमीटर चौकात मावत नाही, म्हणजे जोडीतली एक तरी अँटेना भुजेवरची. यादीत शोधण्याजोग्या जोड्या बोटावर मोजण्याइतक्या उरल्या. एका जोडीचा डेटा थोड्या वेळापुरता बाद केला आणि चित्र निवळलं. त्याआधी मी आंधळेपणाने अँटेनाच्या अँटेना काढून टाकत होते आणि संवेदनशीलता घालवत होते. विखुरलेला उत्सर्ग आधीच इतका मंद असतो की असा डेटा फेकणं परवडत नाही.

मला हे कोणत्याही व्याख्यानात मिळालं नसतं. माझं चित्र दुसऱ्या कोणी पाहिलं, योग्य प्रश्न विचारला आणि मी मोजलं, तेव्हा मिळालं. मग त्याच धाग्यात आणखी दोघींनी आपापली पट्टेवाली चित्रं टाकली. एकीचे पट्टे वाकडे होते, कारण पृथ्वी फिरत असताना बिघाड टिकून राहिला होता आणि जोडीची दिशा बदलत गेली होती. दुसरीचे रुंद होते, म्हणजे जवळजवळच्या अँटेना, म्हणजे चौकातला विजेचा खडखडाट. तीन चित्रं, तीन कारणं, एका जागी. शिकवायला याहून चांगलं साहित्य मी पाहिलेलं नाही. आणि हेच नाहीसं झालं.

मी संयोजकांना पत्र लिहिलं. उत्तर सभ्य होतं: महत्त्वाचं सगळं रेकॉर्डिंगमध्ये आहे, चॅट अनौपचारिक होतं. मी पुन्हा लिहिलं की रेकॉर्डिंग तर गट पडले त्या क्षणी थांबवलं होतं. शिकणं तिथून पुढे सुरू झालं. नोंदणीची फी घेतली होती, मोठी नव्हती, पण माझ्या खिशातून परकीय चलनात गेलेली होती. त्या फीतून डिजिटल पोस्टर हॉल केला होता, त्यात छोट्या बाहुल्यांच्या रूपात फिरता येत होतं. तो हॉल पहिल्या दिवसानंतर ओस पडला. तेच पैसे चॅट जपण्यावर घातले असते तर? किंवा पैसेही नकोत. झुलिपसारखं मुक्तस्रोत चॅट एखाद्या संस्थेच्या सर्व्हरवर चालवता येतं, त्यात संदेश लपत नाहीत आणि प्रत्येक चर्चेला विषयाचं नाव द्यावं लागत असल्यामुळे वर्षाने शोधलं तरी सापडते. निदान शेवटच्या दिवशी सगळं उतरवून झेनोडोवर ठेवायचं. ती सर्नने चालवलेली फुकटची जागा आहे, तिथे कायमचा क्रमांकही मिळतो. नव्वद दिवस संपायच्या आत हे एका दुपारचं काम होतं.

हे सगळं मी ज्या मैत्रिणीपाशी तावातावाने बोलले, तिने मला एका गोष्टीवर थांबवलं. ती परदेशात पीएचडी करते आणि त्याच वर्कशॉपला होती. तिचं म्हणणं, ‘मी तिथे मोकळेपणाने विचारलं कारण ते टिकणार नाही असं वाटत होतं. माझ्या गाइडचा अप्रकाशित डेटा होता, प्रश्न अगदी प्राथमिक होते, ते माझ्या नावासकट दहा वर्षं कुठे पडून राहायला नको होते’. हे मला पटलं. नोकरी पक्की असलेल्या माणसाने सगळं जाहीर ठेवा म्हणणं सोपं असतं. म्हणून आता माझी मागणी बदलली आहे. सगळं चॅट जपू नका. अडचणी सोडवण्याचं एक वेगळं चॅनल ठेवा, ते जपलं जाईल असं पहिल्याच दिवशी सांगा, चित्रं टाकताना स्रोताचं नाव आणि आकाशातली जागा सांगणारे निर्देशांक झाकायला सांगा. बाकीच्या गप्पा खुशाल जाऊ द्यात.

मोठे संशोधक-गट अशी नोंद ठेवतातच. नाडीताऱ्यांच्या, म्हणजे ठेक्यात रेडिओ ठोके देणाऱ्या पल्सारच्या, मदतीने गुरुत्वीय लहरी शोधणारा आपला भारत-जपानचा इनप्टा गट युरोपच्या गटाबरोबर काम करतो. जून २०२३ मध्ये त्यांनी अतिशय कमी वारंवारितेच्या लहरींच्या गुंजारवाचे पुरावे जाहीर केले, त्यात जीएमआरटीचा डेटा होता. इतक्या देशांतली माणसं वर्षानुवर्षं एका विश्लेषणावर काम करतात, तेव्हा कोणता डेटा का वगळला याची लेखी नोंद ठेवल्यावाचून चालत नाही. आठवडाभराच्या वर्कशॉपला एवढी शिस्त नको, पण तिचा एक अंश तरी हवा.

तरीही घ्यावं का? सेमिनारसाठी पैसे भरू नका, रेकॉर्डिंगं पुरतात. वर्कशॉप मात्र जरूर घ्या, विशेषतः लहान गावातल्या कॉलेजात असाल तर. पण स्वतःचा डेटा असेल तरच. नमुन्याच्या डेटावर सगळ्यांचं सारखंच नीट येतं आणि विचारायला काही उरत नाही. स्वतःचा नसेल तर जीएमआरटीच्या डेटा-संग्रहात १८ महिन्यांची राखीव मुदत संपलेला डेटा कोणालाही मागता येतो. एकेका निरीक्षणाच्या फाइली कित्येक जीबीच्या असतात, तेव्हा आधीच्या आठवड्यातच उतरवून ठेवा आणि भारनियमनाच्या वेळा पाहून डाउनलोड लावा. फी भरण्याआधी संयोजकांना एका ओळीचं पत्र टाकून विचारा, अडचणींचं चॅनल संपल्यावर कुठे ठेवणार. उत्तर आलं नाही तर रोज संध्याकाळी आपापले धागे चित्रांसकट उतरवून घ्या. मी आता विद्यार्थिनीला तेच काम नेमून दिलं आहे.