स्टरएसकॉपी: माझ्या ड्रायव्हरमध्ये घातल्यावर आलेला अनुभव

सेन्सरचा एक लिनक्स ड्रायव्हर मी सांभाळतो. त्यातली स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, कॉपी करणारी जुनी फंक्शनं काढून जवळपास सगळीकडे स्टरएसकॉपी (strscpy) हे फंक्शन घातलं. मला ते मनापासून आवडलं, पण डोळे मिटून घालण्यासारखं ते नाही.

आधी होतं स्टरएनकॉपी (strncpy). सी भाषेच्या प्रमाण लायब्ररीतलं, म्हणून निर्धोक असणार, असं मी कितीतरी दिवस धरून चाललो होतो. पण ते मुळात ठरावीक लांबीच्या रकान्यांसाठी आहे. जुन्या युनिक्सच्या डिरेक्टरीत फाइलच्या नावाला 14 बाइट असत, तसल्या जागांसाठी. मजकूर तोकडा पडला तर उरलेली जागा शून्यांनी भरतं. जागा पुरेपूर भरली तर मजकूर संपल्याची खूण असलेलं शेवटचं शून्य टाकतच नाही. माझ्या स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे एकत्र ठेवलेल्या फील्डच्या गठ्ठ्यात, नावाला 16 बाइट होते. एका मॉडेलचं नाव नेमकं 16 अक्षरी निघालं आणि लॉगमध्ये त्या नावाला चिकटून शेजारच्या फील्डमधला कचरा उमटू लागला.

मग घातलं स्टरएलकॉपी (strlcpy), 1998 साली ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आलेलं. शेवटचं शून्य ते टाकतं. पण परत देतं ती स्रोताची, म्हणजे ज्यातून कॉपी करायचं त्या मजकुराची, पूर्ण लांबी, आणि ती मोजायला स्रोत शून्य सापडेपर्यंत वाचत जातं. माझा स्रोत म्हणजे फर्मवेअरकडून (सेन्सरच्या आतल्या प्रोग्रामकडून) आलेला 32 बाइटांचा रकाना. त्याच्या शेवटी शून्य असेलच याची खात्री नाही. हद्दीबाहेरचं वाचन केसॅनने (KASAN, मेमरीतल्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) पकडलं म्हणून कळलं. ग्लिबसीने (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) 2023 मध्ये स्टरएलकॉपी आत घेतलं, तर लिनक्स कर्नलने (सिस्टिमच्या गाभ्याने) 2024 मध्ये 6.8 आवृत्तीत ते काढून टाकलं. कर्नलचा निर्णय मला पूर्ण पटतो.

स्टरएसकॉपी कुठल्याच प्रमाणात नाही. ते कर्नलचं स्वतःचं, 2015 पासूनचं. कॉपी जिथे करायची त्या आपल्या जागेत मावेल तेवढंच वाचतं, शून्य टाकतं, आणि मजकूर मावला नाही तर ऋण एरर देतं. इथेच मी चुकलो. एके ठिकाणी परत आलेली लांबी मी थेट ऑफसेटमध्ये, म्हणजे पुढचं लिहिणं कुठून सुरू करायचं त्या आकड्यात, मिळवत होतो. फक्त फंक्शनचं नाव बदललं, ती बेरीज तशीच राहिली. नाव कापलं गेलं की ई-टू-बिग (E2BIG) ही एरर परत येते, म्हणजे उणे 7. ऑफसेट सात घरं मागे जाऊन आधीचा मजकूर पुसायचा. बदल करताना परत येणारी किंमत कुठे कुठे वापरली आहे ते एकेक करून तपासा.

आयऑक्टलमधून (प्रोग्रामने ड्रायव्हरशी बोलायचा ioctl हा कॉल) बाहेर जाणाऱ्या स्ट्रक्चरमध्ये मात्र स्टरएसकॉपीपॅड (strscpy_pad) हवं; ते उरलेली जागा शून्यांनी भरतं. साधं रूप शून्यानंतरची जागा पुसत नाही, त्यामुळे स्टॅकवरचा (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतला) जुना डेटा युजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांना, दिसू शकतो.

एकाच ठिकाणी ते घातलं नाही: फर्मवेअरचा सिरियल नंबर. तो 8 बाइटांचा, शेवटी शून्य नसलेला, आणि माझी जागा 16 बाइटांची. मर्यादा आपल्या जागेची असल्याने स्टरएसकॉपी तिथे आठच्या पुढेही वाचत गेलं असतं. त्या ओळीत मेमटूस्टर (memtostr) आहे; ते शेवटी शून्य नसलेल्या स्रोतासाठीच आहे.