आधी न्यूट्रल, मग बॅटरी: नऊ महिन्यांचा अनुभव

आमचं नाशिकच्या इंदिरानगरचं रो-हाऊस १९९४ सालचं. सासूबाईंना गेल्या सप्टेंबरपासून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं विजेवरचं यंत्र, लागतं, रात्री तर सलग. लाईट गेली की ते यंत्र कर्कश ओरडायला लागायचं आणि सगळं घर ताडकन उठायचं. जुना इन्व्हर्टर होता, १५० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) पाण्याची बॅटरी होती, पण एवढ्या लोडला ती दोन तासांत मान टाकायची. म्हणून ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी, लिथियम बॅटरी बसवली. आयर्न फॉस्फेटची, ५१.२ व्होल्ट, १०० एएच, म्हणजे साधारण पाच युनिटची. सोबत पाच केव्हीएचा इन्व्हर्टर.

बॅटरीबद्दल माझी तक्रार जवळजवळ नाही. त्रास झाला तो घराच्या तयारीचा, आणि तो आधी कुणी सांगितला नाही म्हणूनच इतकं सविस्तर लिहिते आहे.

विक्रेत्याचा माणूस दहा मिनिटं घर बघून गेला आणि म्हणाला, अर्ध्या दिवसाचं काम आहे. ठरल्या दिवशी सगळं भिंतीवर चढलं, मेन चालू केला आणि आरसीसीबी, म्हणजे करंट कुठं गळला तर लाईट तोडणारा मेनजवळचा स्विच, पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. फिटिंगवाल्यानं सुचवलं, "आरसीसीबी बायपास करून टाकू." मी साफ नाही म्हटलं. शॉक लागला तर जीव वाचवणारी वस्तू हीच, आणि ती काढून बॅकअप चालवायचा?

दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या वायरमनला बोलावलं. त्यानं सासूबाईंच्या खोलीतला बोर्ड उघडला. आत दोन काळ्या वायरी एकमेकींना पिळून, वर पिवळी पडलेली टेप गुंडाळलेली. टेप हाताला लागताच भुगा झाली. एक वायर त्या खोलीचा न्यूट्रल (फेजमधून आलेला करंट परत नेणारी वायर), दुसरी हॉलचा. "ताई, फेज वेगळी करणं सोपं असतं. न्यूट्रल कुठं कुठं गुंतलाय ते शोधण्यात दिवस जातो," तो म्हणाला.

आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट सतत जुळवून पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की पडतो. खोलीची फेज इन्व्हर्टरवर घेतली, पण परतीचा करंट हॉलच्या न्यूट्रलमधूनही जायचा, मग हिशोब जुळणार कसा? जुन्या घरांत वायर वाचवायला असे न्यूट्रल सर्रास जोडलेले असतात. आमच्याकडे अशा तीन जागा निघाल्या. एका ठिकाणी पाइप इतका भरलेला होता की नवीन वायर ओढली जाईना, शेवटी भिंतीत झिरी मारावी लागली. चार दिवस, चोवीस हजार रुपये, आणि ऐन सणाच्या तोंडावर घरभर सिमेंटची धूळ. सासूबाईंना ती धूळ चालणारच नव्हती, म्हणून त्यांना नणंदेकडे नाशिकरोडला हलवलं. हेच काम बॅटरी यायच्या पंधरा दिवस आधी केलं असतं तर ही धावपळ टळली असती.

आता बॅकअपचा डीबी, म्हणजे एमसीबींचा बोर्ड, वेगळा आहे. त्यावर सासूबाईंची खोली, फ्रिज, स्वयंपाकघरातले दिवे, वायफाय. गीझर, इस्त्री, एसी मेनवरच. लोड अंदाजानं धरू नका, मोजून घ्या. आम्ही वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावून मोजला. कॉन्सन्ट्रेटर ३३० वॉट, जुना पंखा ७५. दोन पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घेतले, ते २८-२८ वॉटवर आले. सगळं धरून रात्रीचा सरासरी लोड ४८० वॉटच्या आसपास.

अर्थिंगही तपासून घ्या. आमचा खड्डा बांधल्यापासून कुणी उघडला नव्हता आणि मीटरवर १४ ओहम दाखवत होता (हा आकडा जितका कमी तितकं बरं). नवीन रॉड टाकल्यावर तीनच्या खाली आला.

जागेबद्दल. विक्रेत्याला पश्चिमेची बाल्कनी सोयीची वाटत होती. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि त्या भिंतीला दुपारी हात लावता येत नाही. उष्णतेत बॅटरीचं आयुष्य घटतं. आम्ही जिन्याजवळची आतली नऊ इंची विटांची भिंत निवडली. बॅटरी ४८ किलोची आहे, चार इंची पार्टिशनवर ती टांगायला माझं मन धजलं नसतं. जमिनीपासून फूटभर वर, बाहेर पडायच्या वाटेत नाही, गॅस सिलिंडरजवळ नाही. आणि गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून पुराचा अंदाज घेणाऱ्या भागात तुम्ही राहत असाल, तर तळमजल्याच्या पार्किंगमध्ये बॅटरी अजिबात लावू नका.

या मे महिन्यात वळवाच्या पावसानं खरी परीक्षा घेतली. रात्री पावणेदोनला वादळात लाईट गेली. मला जाग आली ती खिडकी आपटल्यामुळे. खोलीत गेले तर कॉन्सन्ट्रेटरचा हिरवा दिवा तसाच चालू आणि सासूबाई शांत झोपलेल्या. महिनोन्‌महिने मी त्या अलार्मच्या धास्तीनं अर्धवट झोपत होते. त्या रात्री तिथंच पलंगाच्या कडेला बसून रडले. लाईट सव्वाआठला आली. साडेसहा तासांनंतर बॅटरीत ३२ टक्के शिल्लक होती.

समोरच्या घरी छतावर सोलर आहे, तरी तिथं त्या रात्रीनंतर सकाळीही अंधारच. ऑन-ग्रिड सोलर, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला (ग्रिडला) जोडलेला बिनबॅटरीचा, ग्रिड गेला की स्वतःहून बंद होतो, म्हणजे खांबावर चढलेल्या लाईनमनला उलट करंट लागू नये. सोलर आहे म्हणजे बॅकअप आहे असं धरून चालू नका.

खटकलेल्या गोष्टी दोन. इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाही वीज खातो, आमचा दिवसाला सव्वा युनिट, म्हणजे महिन्याला सदतीस-अडतीस. खरेदीच्या वेळी यावर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. आणि चार्जिंगच्या वेळी त्याचा पंखा घुमतो. जिन्यालगतच्या खोलीत झोपणाऱ्याला तो ऐकू येतो, पहिले काही दिवस मुलाची झोप मोडली.

पाण्याची एक एचपीची मोटर बॅकअपवर घ्यावी का हा वाद घरात अजून चालू आहे. सुरू होताना ती कितीतरी पट करंट ओढते आणि टाकी भरायला सकाळपर्यंत थांबता येतं, म्हणून माझं मत नको असंच आहे. ऑक्सिजनचा सिलिंडर मात्र कोपऱ्यात भरलेला ठेवला आहे. घरी असा पेशंट असेल तर बॅटरी आली म्हणून तो परत करू नका. दर रविवारी मी मेन पाडून दहा मिनिटं सगळं बॅटरीवर चालवून बघते, आणि त्याच वेळी सिलिंडरचा काटाही पाहते.