वर साग, आत भुसा: सिंथचं कॅबिनेट बनवून घेणाऱ्यांनी वाचाच

मॉड्युलर सिंथेसायझरसाठी (सुटे इलेक्ट्रॉनिक भाग, म्हणजे मॉड्यूल्स, जोडून बनवलेलं वाद्य), किंवा अँप-स्पीकरसाठी म्हणा, कोणी जुन्या सागाचं कॅबिनेट बनवून घेणार असेल तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. माझ्याकडून २२,००० रुपये घेऊन जे हातात दिलं त्यात साग जेमतेम अर्धा मिलिमीटर होता आणि आत सगळा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेली फळी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझं सिंथ युरोरॅकचं आहे, म्हणजे मॉड्यूल्सची मापं ठरलेली असतात, आणि हा प्रकार जर्मनीतल्या डीटर डोएफर यांनी ९० च्या दशकात सुरू केला. प्रत्येक मॉड्यूलची उंची १२८.५ मिमी, रुंदी एचपीमध्ये मोजतात, १ एचपी म्हणजे ५.०८ मिमी. मला १०४ एचपीच्या दोन ओळी हव्या होत्या, म्हणजे आतली रुंदी ५२८ मिमीच्या थोडी वर. वरच्या आणि खालच्या स्क्रूमधलं अंतर १२२.५ मिमी असतं आणि सगळी मॉड्यूल्स अ‍ॅल्युमिनियमच्या रेल्सवर लटकतात, रेल्स धरून ठेवतात त्या बाजूच्या दोन फळ्या. म्हणून लाकूड कुठलं हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाहीये, फळी फुगली किंवा तिने स्क्रू सोडला की आख्खी ओळ खाली येते. त्यात आपल्याकडचा पावसाळा, चार महिने भिंतीसुद्धा ओल्या असतात.

कुडाळच्या पुढे हायवेच्या आतल्या बाजूला एक वर्कशॉप आहे, नाव लिहीत नाही. तिथल्या मेस्त्रींनी मला एक जुनी फळी दाखवली, रंध्याने थोडी साफ केलेली, अस्सल साग, तेलकट स्पर्श आणि तो चामड्यासारखा वास. म्हणाले, "जुन्या घराची तुळय आसा, शंभर वर्सां काय होवचा नाय." आणि हे पटण्यासारखंच होतं, कारण आपल्याकडे कौलारू घरं पाडून स्लॅबची बांधतायत आणि त्यातले खांब, वासे, तुळया खरंच विकल्या जातात. १२,००० आधी दिले, बाकीचे माल मिळाल्यावर. रेल्स मी मागवून त्यांच्याकडे दिल्या, मी म्हटलं काका भोकं मी घरी पाडतो, माप नाजूक आहे, तर अजिबात ऐकेनात, "मी बसवून देतंय, तू कित्याक तरास घेतंस." तेव्हा तो चांगुलपणा वाटला. आता कळतं की भोक पाडलं असतं तर ड्रिलच्या टोकाला काय येतंय ते मला तिथेच दिसलं असतं. सागाचे छिलके निघतात, ह्यातून कोंडा निघतो.

बाकी काम मात्र इतकं हुशारीने केलेलं की राग येतो. वरून सागाचं विनियर, म्हणजे कागदासारखा पातळ पापुद्रा. समोरच्या सगळ्या कडांना खऱ्या सागाची बारीक पट्टी, म्हणजे माणूस जिथे नखाने खरवडून बघेल तिथे खराच साग. आतून सगळं काळ्या रंगाने रंगवलेलं, का तर म्हणे मशीनला आतून काळंच शोभतं. वजनावरून ओळखावं तर तेही नाही, पार्टिकल बोर्ड सागाच्या जवळपासच भरतो, उचलल्यावर हात सांगतो भक्कम आहे.

जुलैमध्ये खालच्या मागच्या कोपऱ्याला, जिथे पट्टी नव्हती, फळी बिस्कीट चहात पडावं तशी फुगली. विनियरला फोड आले. मग एका रात्री खालच्या ओळीची रेल एका बाजूने सुटली आणि मॉड्यूल्स रिबन केबलवर लोंबकळत राहिली. पॉवर बंद होती म्हणून वाचलो, चालू असती आणि एखादा सर्किट बोर्ड शेजारच्याला टेकला असता तर नुकसान कॅबिनेटच्या किमतीच्या कितीतरी पट झालं असतं. ही मॉड्यूल्स मी वर्षानुवर्षं पैसे साठवून एकेक करून जमवलीयेत, त्या रात्री झोप लागली नाही.

विचारायला गेलो तर उत्तर काय, "सागाचा सांगितलंय, सागाचाच लावलंय." पावतीवर लिहिलेलं, वुडन बॉक्स १ नग. आणि दाखवायची ती तुळईची फळी अजून तिथेच, भिंतीला टेकवून, पुढच्या माणसासाठी.

तर ऑर्डर देताना पावतीवर "भरीव साग, विनियर नाही" असं लिहूनच घ्या, जो खरं काम करतो तो लिहायला कधी नाही म्हणत नाही. आणि पॉलिश मारायच्या आधी जाऊन बघा, पॉलिश झाल्यावर काही कळत नाही. भरीव फळीच्या वरच्या रेषा टोकाला पोचल्या की तिथे बारीक छिद्रं आणि वर्षांच्या वलयांचे तुकडे दिसायला हवेत, टोकालाही लांब रेषाच दिसल्या तर ती वरून चिकटवलेली पट्टी आहे. दोन्ही बाजूंची नक्षी हुबेहूब सारखी असेल तरी संशय घ्या, एकाच ओंडक्याचे लागोपाठचे पापुद्रे तसे दिसतात, माझ्या कॅबिनेटच्या दोन्ही बाजूंना एकच गाठ एकाच जागी होती. सागाचा हट्टच नसेल तर मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लायवुड, घ्या, पण शिक्क्यावर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा क्रमांक बघून. त्या प्लायच्या गोंदाची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात होते, स्क्रूही चांगला धरतो आणि त्यात कोणाची फसवणूक नाही.

सगळेच मेस्त्री असे नाहीत हेही लिहितो. आताचं कॅबिनेट दुसऱ्या मेस्त्रींनी फणसाच्या लाकडात केलंय, कापताना मला शेजारी उभं केलं होतं, भर पावसात रेल जागची हललेली नाही.

पहिल्या मेस्त्रींविरुद्ध मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीये आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. २०१९ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. फुगलेला कोपरा कापून, आतला भुसा दिसेल असा, पिशवीत जपून ठेवलाय. तुमच्याकडे असं काही निघालं तर ते फेकू नका, आधी फोटो काढा, तुकडा ठेवा, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि त्याने दुरुस्तीला परत मागितलं तरी लेखी घेतल्याशिवाय वस्तू हातातून सोडू नका.