मुलाच्या कॉलेज फुटबॉलसाठी घेतलेली रिक्रूटिंग सर्व्हिस : पाचपैकी दोन तारे

मुलगा अमेरिकेतल्या हायस्कूलच्या व्हर्सिटी (म्हणजे शाळेच्या मुख्य) टीममध्ये चांगला खेळतोय आणि आता कॉलेजचं कसं करायचं हा प्रश्न घरात रोज जेवताना निघतोय, अशा मराठी पालकांसाठी हे लिहितोय. आम्ही टेक्ससमध्ये केटीला राहतो. मुलगा अकरावीत गेला तेव्हा एका रिक्रूटिंग सर्व्हिसचं वर्षाचं पॅकेज घेतलं. कंपनीचं नाव देत नाही. मला पॅकेजबद्दल बोलायचंय आणि अशी पॅकेजं विकणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत. फी हजारांत, तीही डॉलरमध्ये. बदल्यात मुलाचं प्रोफाइल, हायलाइट व्हिडिओचं एडिटिंग, कॉलेज कोचेसचे ईमेल पत्ते आणि महिन्यातून एकदा फोनवर सल्लागार.

फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहारच्या सामन्याला बसलेला माणूस, त्यामुळे फुटबॉल म्हटलं की अजूनही पायच आठवतो. तिथे ज्या पेठेत वाढलो तीच आपली टीम, निवडायचा प्रश्नच नव्हता. इथे केटीच्या शाळांचं २०१७ साली उघडलेलं लेगसी स्टेडियम बारा हजार माणसांचं आहे आणि त्यावर सुमारे ७ कोटी डॉलर खर्च झाले. हायस्कूलसाठी! अशा वातावरणात वाढलेल्या पोराला कॉलेजात खेळायचं असतंच, आणि तिथे कुठली टीम आपली हे घरच्यांनीच ठरवायचं असतं.

आमचा मुलगा लाँग स्नॅपर आहे. टीव्हीवर याचं नाव कुणी घेत नाही. खाली वाकून दोन पायांमधून चेंडू मागे फेकायचा (हाच स्नॅप), पंटच्या वेळी, म्हणजे हातातला चेंडू लाथेने लांब मारून समोरच्या टीमला द्यायचा असतो तेव्हा, १५ यार्डांवर उभ्या असलेल्या पंटरच्या हातात, आणि तोही पाऊण सेकंदाच्या आसपास. फील्ड गोलला, म्हणजे चेंडू लाथेने गोलखांबांमधून मारताना, अंतर निम्मं, पण काम जास्त नाजूक. चेंडू जमिनीवर उभा धरणाऱ्या होल्डरच्या हातात तो येताना त्याची शिवण योग्य बाजूला यायला हवी, म्हणजे किकरच्या पायाखाली ती येत नाही. त्यासाठी चेंडूने हवेत किती गिरक्या घ्यायच्या, हे मनगटातून ठरतं. माझा मुलगा गॅरेजच्या दाराला जाळी बांधून हे रोज करतो. पॅट्रिक मॅनेली नावाचा स्नॅपर ड्यूक विद्यापीठातून आला आणि शिकागो बेअर्सकडून १६ मोसम खेळला; २०१९ पासून कॉलेजमधल्या सर्वोत्तम स्नॅपरला त्याच्या नावाने पुरस्कार देतात. माझ्या मुलाचा देव तोच.

आता सर्व्हिसचं घोडं कुठे पेंड खातं ते सांगतो. त्यांनी व्हिडिओ केला तो रिसीव्हरचा, म्हणजे धावत जाऊन पास झेलणाऱ्या खेळाडूचा करतात तसा. ढणढण संगीत, स्लो मोशन, टचडाउननंतर मिठ्या मारणारी पोरं. स्नॅपर बघणाऱ्या कोचला यातलं काहीच नको असतं. त्याला हवा असतो पंटरच्या मागून घेतलेला, मध्ये कुठेही न कापलेला शॉट, सलग दहा-बारा स्नॅप, म्हणजे तो स्वतः घड्याळ लावू शकेल. चेंडू हलला की सुरू, हाताला लागला की बंद. त्यानंतर स्नॅप करून उठल्यावर पोरगा समोरच्याला कसा अडवतो आणि पंटमागे कसा धावतो, ते. शेवटी आमच्या शाळेच्या कोचने मुलाला बसवून हे सगळं समजावलं आणि मुलाने दुपारभरात नवा व्हिडिओ केला. उत्तरं यायला लागली ती त्या व्हिडिओला.

ईमेलचंही तेच. सर्व्हिसने एकच मजकूर शेकडो कॉलेजांना धाडला. स्नॅपरची जागा टीममध्ये एक, फार तर राखीव धरून दोन. ज्या कॉलेजात पहिल्या वर्षाचा स्नॅपर नुकताच आलाय तिथे आपण पत्र पाठवून काय साधणार? कॉलेजच्या वेबसाइटवर रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी असते, त्यात खेळाडूचं वर्ष लिहिलेलं असतं. मुलाने स्वतः बसून यादी काढली : कुठल्या कॉलेजचा स्नॅपर कधी पदवीधर होतो. त्या यादीतल्या कॉलेजांच्या स्पेशल टीम्सच्या (म्हणजे लाथेने चेंडू मारायच्या खेळींच्या) कोचना त्याने आपल्या शब्दांत चार ओळी लिहिल्या. कोच लोकांना पोराचं पत्र आणि कंपनीचं पत्र यातला फरक पहिल्या वाक्यात कळतो, असं आमच्या कोचचं म्हणणं, आणि ते मला शंभर टक्के पटलंय.

दोन तारे दिलेत ते सल्लागार बाईंसाठी. एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या संघटनेच्या, पात्रतेचे नियम त्यांना तोंडपाठ होते. डिव्हिजन वनला, म्हणजे सर्वांत वरच्या गटाला, हायस्कूलचे १६ कोअर कोर्स (मुख्य विषयांचे) लागतात, त्यांत किमान २.३ जीपीए (सरासरी गुण). त्यातले १० कोर्स बारावी सुरू व्हायच्या आत पूर्ण हवेत, त्या दहांतले ७ इंग्रजी, गणित आणि सायन्सचे, आणि मग ते गुण गोठतात. जीपीए सुधारायला पुन्हा तेच कोर्स करून चालत नाही. एसएटीची अट जानेवारी २०२३ मध्ये काढली, हे बऱ्याच पालकांना अजून ठाऊक नसतं. मुलगा उन्हाळ्यात एक ऑनलाइन कोर्स घेणार होता, तो शाळेच्या मान्यताप्राप्त यादीत नाही हे त्यांनीच पाहिलं. मोठं संकट टळलं. अर्थात ही यादी एनसीएएच्या साइटवर फुकट बघता येते.

पॅकेजच्या माहितीत सर्वांत मोठी उणीव होती ती नव्या नियमांची. जून २०२५ मध्ये हाउस खटल्याची, म्हणजे खेळाडूंच्या पैशांवरून एनसीएएविरुद्ध चाललेल्या दाव्याची, तडजोड मंजूर झाली. ती स्वीकारलेल्या कॉलेजांत ८५ स्कॉलरशिपची जुनी मर्यादा गेली आणि त्याऐवजी टीममध्ये जास्तीत जास्त १०५ खेळाडू असा नियम आला. आधी कितीतरी टीम १२० च्या पुढे असायच्या. ८५ च्या वरची पोरं म्हणजे वॉक-ऑन, स्वतःच्या पैशाने शिकून खेळणारी, आणि स्नॅपर बहुधा तिथूनच यायचे. त्या जागाच आता घटल्या. त्यात ट्रान्स्फर पोर्टल आहे, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. कोचला हायस्कूलचा नवखा पोरगा घेण्याऐवजी दुसऱ्या कॉलेजातला तीन वर्षं मुरलेला स्नॅपर सहज मिळतो. सर्व्हिसच्या पुस्तिकेत मात्र ८५ चाच आकडा, आणि वॉक-ऑन हा ‘सोपा मार्ग’ म्हणून दिलेला.

आमच्या घरात प्रश्न असा पडला : एका मोठ्या विद्यापीठाने प्रिफर्ड वॉक-ऑनची जागा देऊ केली, म्हणजे टीममध्ये नाव पक्कं, पैसा शून्य. एका लहान कॉलेजाने अर्धी स्कॉलरशिप. मोठ्या स्टेडियमचा मोह कुणाला नसतो? मुलगा म्हणाला, “बाबा, तिथे शनिवारी ऐंशी हजार लोक असतात.” मी त्याला म्हटलं, बाळा, लोक मोजू नकोस, तुझ्या पुढे किती स्नॅपर आहेत ते मोज. दोन्हीकडच्या कोचला त्याने स्वतः फोन करून विचारावं असं ठरवलं : सध्याचा स्नॅपर कधी जातोय? पोर्टलमधून कुणी आणणार आहात का? स्कॉलरशिप एका वर्षाची की चार वर्षांची, कागदावर लिहून देणार का? तुम्ही स्वतः पुढच्या वर्षी इथे असाल का? शेवटचा प्रश्न विचारायला तो लाजत होता. मी आग्रह धरला, कारण कोच बदलला की तोंडी शब्दाला किंमत उरत नाही. त्याच्या आईने एक प्रश्न जोडला, आणि मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो : पाठ दुखावली आणि खेळ थांबला, तर याच कॉलेजात, याच गावात तुला इंजिनिअरिंग पूर्ण करायला आवडेल का? लहान कॉलेजला त्याने लगेच हो म्हटलं. मोठ्याबद्दल बराच वेळ गप्प राहिला. निर्णय त्याचाच, पण त्याचा कल कुठे आहे हे आम्हाला दिसलं, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला.

पॅकेज कुणी घ्यावं? शाळेचा कोच कॉलेजांना फोन करायला तयार नसेल, किंवा शाळा अशा भागात असेल जिथे कॉलेजचे कोच फिरकत नाहीत, तर सल्लागारापुरतं स्वस्तातलं पॅकेज बघायला हरकत नाही. बाकीच्यांनी ते पैसे जूनमध्ये खुद्द कॉलेजं घेतात त्या एक दिवसाच्या कँपवर घालावेत. तिथे निर्णय घेणारा कोच तुमच्या मुलापासून दहा फुटांवर घड्याळ घेऊन उभा असतो. आणि विक्रेता “स्कॉलरशिप मिळाली तरच फी” असं म्हणाला तर तिथेच फोन ठेवा. स्कॉलरशिप मिळवून देण्यावर ठरलेली फी एनसीएएला चालत नाही, आणि तिच्यापायी पात्रता धोक्यात येते ती मुलाची.